आई-बाबा, आमच्या सिनेमाबद्दल

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर नीट सांगता आलं नसतं. बाबा ‘बरं बरं, तब्येत सांभाळ’ म्हणून फोन तुझ्याकडे देतात, आई, आणि तू पहिल्यांदा जेवलीस का ते विचारतेस. म्हणून लिहायला बसले. सिनेमा करायचं पक्कं झालंय. पुढच्या महिन्यात शूटिंग आहे आणि दिग्दर्शन मी करतेय. विनोदी सिनेमा आहे, आमचा सगळ्यांचा मिळून.

नोकरी सोडलेली नाही, हे आधी सांगते. बिनपगारी रजा घेतली आहे, ती लेखी मंजूर झाली आहे आणि परत रुजू व्हायची तारीखही त्याच कागदावर आहे. पैसे माझ्या बचतीतले, तेही ठरवून बाजूला काढलेले तेवढेच. कर्ज नाही, क्रेडिट कार्ड नाही, तुमच्या ठेवींना किंवा दादाला हात लावायचा प्रश्नच नाही. काकांच्या वेळी घरात काय झालं ते मी विसरलेले नाही. सगळे मित्र असूनही आम्ही आपापसात लेखी करार केलाय: कुणाचा वाटा किती, पैसे आले तर आधी कुणाचे फेडायचे, मध्येच कुणाला सोडावं लागलं तर काय. बाबा, तुम्ही हेच पहिलं विचारलं असतं, म्हणून ते पहिल्यांदा केलं.

कमी पैशांत सिनेमा होतो का, असं तुम्हांला वाटेल. होतो, फक्त कथा तशी निवडावी लागते. केविन स्मिथ नावाच्या दिग्दर्शकाने १९९४ मध्ये ‘क्लर्क्स’ हा विनोदी सिनेमा आणला. तो ज्या दुकानात नोकरी करायचा तिथेच त्याने रात्री शूटिंग केलं. कथा दिवसाची, बाहेर अंधार, मग करायचं काय? त्याने कथेतच घातलं की शटरच्या कुलपात कुणीतरी च्युइंगगम कोंबलंय, त्यामुळे ते उघडत नाही. अडचण होती तिचाच विनोद झाला. आमचीही सगळी गोष्ट एका घरात आणि त्याच्या जिन्यावर घडते. घर मैत्रिणीच्या मावशीचं आहे, त्या आनंदाने देताहेत.

आता ज्याच्यासाठी मुळात हे पत्र आहे ते लिहिते.

सिनेमात एक निवृत्त गृहस्थ आहेत. ते तुम्ही नाही, बाबा. पण त्यांच्यात तुमचं बरंच काही आलंय आणि ते दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाऊ नये असं मला वाटतं. ते बाहेर पडताना कुलूप लावतात, चार पायऱ्या उतरतात, परत वर जातात आणि कुलूप ओढून बघतात. दर वेळी. त्यांची बायको खालच्या पायरीवर पिशवी घेऊन उभी असते. ती वळून बघत नाही, काही बोलत नाही. (आई, ही तूच आहेस, हे नाकारण्यात अर्थ नाही.) हा प्रसंग मी एकाच लांबच्या शॉटमध्ये घेणार आहे, मध्ये कुठेही कट नाही. त्यांचं ओढणं आणि तिचं थांबणं एकाच वेळी दिसलं तरच हसू येतं. तिचा चेहरा जवळून दाखवला की ती वैतागलेली वाटते आणि गंमत संपते.

तालमीत आमच्या नटाने कुलूप हिसके देऊन ओढलं. कुणी हसलं नाही. मी त्यांना म्हटलं, झोपलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवून ताप बघतात तसं ओढा. त्यांनी अगदी हलकेच ओढलं, क्षणभर हात कुलपावर तसाच ठेवला, आणि खोलीतले सगळे हसले. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. गोवर झाला होता तेव्हा रात्री तुम्ही किती वेळा उठून यायचात, बाबा. मी जागी असायचे. हात गेला की परत यावा म्हणून डोळे मिटून पडायचे.

लोक हसतील, हे खरं आहे. पण तुमच्यावर कुणी हसलेलं मी खपवून घेणार नाही. ज्या हसण्यात प्रेक्षकाला स्वतःचं घर आठवतं तेवढंच मला हवंय. आत्याच्या लग्नातला प्रसंग मी घेतलेला नाही, आई. सगळे मागे लागले होते, तरी नाही.

आता तुझ्या काळज्या. उंचावरून पडणं-बिडणं काही नाही. बाबांनी मला मूकपटांतल्या त्या विनोदी नटाचा, बस्टर कीटनचा सिनेमा दाखवला तेव्हा तू बाहेर निघून गेली होतीस. १९२८ च्या त्या सिनेमात घराची अख्खी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो खिडकीच्या मोकळ्या चौकटीत उभा असल्यामुळे वाचतो. ती भिंत खरीच जड होती. आमच्याकडे सगळ्यांत धोक्याची वस्तू म्हणजे जमिनीवरच्या वायरी, त्याही टेपने चिकटवतो. रोज बारा तासांच्या वर काम नाही, जेवण वेळेवर आणि गरम, मुली रात्री एकट्या परतणार नाहीत. आणि मावशींच्या स्वयंपाकघराचीही चिंता नको. फ्रिजची घरघर आवाजात येते म्हणून तो शूटिंगपुरता बंद करावा लागतो, पण तेव्हा गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, अशी साउंडवाल्यांची पद्धतच आहे. फ्रिज सुरू केल्याशिवाय कुणी घरी जाऊच शकत नाही. आमचा साउंड रेकॉर्डिस्ट कोण, माहितीय? अभ्यासाला म्हणून यायचा आणि तुझ्या गोधडीवर झोपून जायचा तो. शॉट चालू असताना हसणाऱ्याला तो आता खोलीबाहेर काढतो, मलासुद्धा.

बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख नेमकी शूटिंगमध्ये येते. मी तिथे नसणार, हे लिहिताना गलबलून येतंय. पण घर तेवढेच दिवस मिळतंय आणि सगळ्यांनी रजा त्याच दिवसांची घेतली आहे. म्हणून हात जोडून सांगते, माझ्यासाठी तारीख पुढे ढकलू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन असतं, बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात. दादा आदल्या रात्रीपासून तिथे असेल. थेंबांचं वेळापत्रक मी मोठ्या अक्षरांत लिहून पाठवतेय, ते आरशाजवळ चिकटवा. डोळा चोळायचा नाही. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. वाकून बादली उचलायची नाही, बाबा, ‘एवढीशी तर आहे’ म्हणून तर अजिबात नाही. बीपीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. आई, तू गुडघ्याचा पट्टा लाव, दवाखान्यात जिने आहेत आणि तू लिफ्टसाठी थांबत नाहीस. संध्याकाळी काम संपलं की मी व्हिडिओ कॉल करीन, आणि शूटिंग संपल्या दिवशीच निघून तुमच्याकडे येईन. परतायची घाई नसेल.

सोबत पटकथेची तुमच्या प्रसंगांची पानं ठेवलीत, मोठ्या टाइपात. दोघांनी वाचा. जी ओळ टोचेल तिच्यासमोर पेन्सिलने फुली मारा, कारण लिहायची गरज नाही, ती ओळ मी काढीन. फक्त ऑपरेशनच्या आधी वाचून दादाकडे द्या, नंतर बाबांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाही. आई, पिशवीच्या प्रसंगात तिच्या हातात कापडी पिशवी असावी की तुझी ती जुनी चौकटीची, हे माझं अजून ठरत नाहीये. तुझी मिळाली तर फार बरं होईल. तीही दादाबरोबर पाठव, मी सांभाळून परत आणीन.

तुमची,
मनू