स्लिट लॅम्पची अंधारी खोली: आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

डोळ्यांची ओपीडी म्हणजे कमी धोक्याची जागा, ही समजूत कोविड येऊन गेला तरी कायम आहे. वुहानचे डॉ. ली वेनलियांग नेत्रतज्ज्ञ होते. काचबिंदूच्या एका रुग्णाकडून लागण झाली असावी, असे त्यांना वाटत होते. त्या रुग्णाला कसलीही लक्षणे नव्हती. ७ फेब्रुवारी २०२० रोजी ते गेले. त्यांच्याच रुग्णालयातले आणखी नेत्रतज्ज्ञ पुढे दगावले.

कारण साधे आहे. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून तपासण्याच्या यंत्रावर, डॉक्टर आणि रुग्ण यांच्या तोंडांत जेमतेम वीतभर अंतर उरते. शिवाय ही खोली मुद्दाम अंधारी आणि बंद ठेवतात, वर एसी तीच हवा फिरवत राहतो. १० फूट लांब, रुंद, उंच खोलीत १,००० घनफूट हवा असते. ती तासाला १२ वेळा बदलायची तर पंख्याने मिनिटाला २०० घनफूट हवा बाहेर टाकायला हवी, आणि तेवढीच आत यायला दाराखाली फट हवी. उजेड येतो म्हणून पंखाच नको, असे सांगतात. काळ्या रंगाची, काटकोनात वळवलेली नळी बसवली की उजेड अडतो, हवा जाते.

दुसरी गोष्ट श्वासाच्या ढालीची, म्हणजे यंत्रावर डॉक्टर आणि रुग्ण यांच्या मध्ये लावायच्या पारदर्शक आडोशाची. यंत्रासोबत येणारी ढाल बहुधा लहान असते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईत रबाळ्याला अॅक्रिलिकची मोठी ढाल कापून मिळेल, पण भोके त्याच यंत्राच्या आयपीसच्या (डॉक्टर ज्यातून पाहतो त्या नळ्यांच्या) मापाची हवीत. सगळ्या रुग्णालयांसाठी एकाच मापाची घाऊक खरेदी केली तर ढाली कपाटातच पडून राहतील. अॅक्रिलिक स्पिरिटने पुसू नये, कडांपासून बारीक तडे जातात. साबणाचे पाणी पुरे. आणि रुग्णाच्या मास्कची वरची कड नाकावर चिकटपट्टीने बंद करावी. नाहीतर श्वास वर येतो, भिंगावर वाफ धरते, आणि डोळ्यात इंजेक्शन देताना तोंडातले जंतू थेट डोळ्याकडे जातात.

सर्वांत जास्त चूक होते ती डोळ्याचा दाब मोजणाऱ्या प्रिझमबाबत. ते रुग्णाच्या बुबुळाला टेकते. स्पिरिटचा बोळा फिरवून पुढचा रुग्ण घेणे डोळे येण्याच्या अॅडिनोव्हायरसला पुरत नाही, आणि २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली तेव्हा गर्दी याच खुर्चीसमोर होती. त्याऐवजी ५ टक्के हायपोक्लोराइटचा (ब्लीचचा) एक भाग, पाण्याचे नऊ भाग घ्यावेत. त्यात प्रिझमचे टोक ५ ते १० मिनिटे बुडवायचे, वाहत्या पाण्याने धुवायचे, कोरडे करायचे. धुतले नाही तर उरलेले रसायन बुबुळ भाजते. द्रावण रोज ताजे करावे, कारण उन्हाने-उष्णतेने ते कमजोर होते. दहा मिनिटे बुडवायचे तर एका यंत्रामागे एक प्रिझम देऊन कसे भागेल? किमान चार द्या. वारंवार बुडवून ती चिरतात, म्हणून बदलायची तरतूदही हवी.

आता शस्त्रक्रियागृहाचे. २०२० मध्ये ठाण्याचे जिल्हा रुग्णालय आणि वाशीचे महापालिका रुग्णालय कोविडसाठी राखले गेले, ते त्या वेळी गरजेचेच होते. पण मोतीबिंदू थांबला की कडक होतो, फोडायला जास्त ऊर्जा लागते, बुबुळाच्या आतल्या पेशी मरतात. काहींचा पिकून फुटतो आणि दाब चढतो. डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) सरकलेल्या रुग्णाला तर काही दिवसही नसतात. ३४ आठवड्यांआधी किंवा २ किलोंपेक्षा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळाचा पडदा तिसाव्या दिवसापर्यंत तपासावा लागतो, अगदी लहान बाळांचा त्याहून आधी. लेझर लागलाच तर दोन-तीन दिवसांत. तिसावा दिवस लॉकडाउन पाहून थांबत नाही. लोकल बंद असताना शहापूर-मुरबाडच्या आईने ते बाळ घेऊन कुठे जायचे, हे कुठल्या आदेशात लिहिले होते?

म्हणून मागणी एवढीच: ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक नेत्र शस्त्रक्रियागृह साथीतही चालू राहील, असे आजच लेखी ठरवा. तिथले नेत्र चिकित्सा अधिकारी आणि परिचारिका दुसऱ्या ड्युटीवर पाठवू नयेत. बाळांच्या तपासणीसाठी रुग्णवाहिका कोण देणार, त्या अधिकाऱ्याचे पद त्याच कागदावर असावे.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील नेत्रतज्ज्ञ