शिट्टी होईपर्यंत

लेव्हरकुसेन, जर्मनी
२६ मे २०२४

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आमच्या इथल्या फुटबॉल टीमबद्दल, बायर लेव्हरकुसेनबद्दल, तुम्ही विचारलंत, "अख्ख्या लीगमध्ये एक मॅच हरली नाहीत, म्हणजे नशीबच की रं?" तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली आणि विषय राहिला. तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

आधी इथल्या टीमची कुंडली सांगतो. आपल्याकडं कोल्हापुरात टीम तालमीची, इथली टीम कारखान्याची. बायर ह्या औषधं बनवणाऱ्या कंपनीतल्या कामगारांनी मालकांना पत्र लिहून खेळाचा क्लब मागितला आणि १९०४ साली तो सुरू झाला. म्हणून दुसऱ्या गावची पोरं हिला 'कंपनीची टीम' म्हणून हिणवतात. मला ते पटत नाही. तालमीतनं निघालेली टीम आपली, तर कामगारांनी मागून घेतलेली टीम त्यांची का नाही?

ह्या टीमला दुसरं एक नाव पडलं होतं, 'फिट्सेकुसेन', म्हणजे कायमची दुसरी. बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या मुख्य लीगमध्ये, पाच वेळा दुसरा नंबर! त्यातलं २००० साल सगळ्यात वाईट. शेवटच्या मॅचला उंटरहाखिंगमध्ये नुसती बरोबरी पुरत होती. आपल्याच मिशाएल बालाकच्या पायाला लागून बॉल स्वतःच्याच जाळ्यात गेला, मॅच २-० नं हरली आणि बायर्न म्युनिक चॅम्पियन झालं. दोन वर्षांनी, २००२ मध्ये, लीग, जर्मन कप आणि युरोपातल्या चॅम्पियन्स लीगची फायनल, तिन्ही हातातोंडाशी येऊन गेलं.

आमचे घरमालक आजोबा कारखान्यातून रिटायर झालेत. २००० च्या त्या मॅचला ते स्वतः गेले होते. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. मला हे आजींनी सांगितलं.

आता १४ एप्रिलचा रविवार. वेर्डर ब्रेमेनशी घरच्या मैदानावर मॅच, जिंकली की लीग आपली. स्टेडियम तीस हजारांचं, तिकीट कुठलं मिळायला! आजोबा आणि मी चौकातल्या बारमध्ये बसलो. पहिल्या हाफमध्ये बोनिफेसनं पेनल्टी मारली. हाफटाइमनंतर फ्लोरियान विर्ट्झ उतरला, विशीतलं पोरगं. झाकानं लांबून दुसरा गोल घातला आणि मग विर्ट्झनं एकट्यानं तीन. चौथ्या गोलानंतर बारमध्ये लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. आजोबांच्या जाकिटाची चेन मात्र गळ्यापर्यंत लावलेली. समोर ठेवलेल्या ग्लासाला हात नाही. मी ग्लास पुढं सरकवला तर बोट वर करून म्हणाले, "शिट्टी होऊ दे."

आबा, मला तिथं शाहू स्टेडियम आठवलं. आपली टीम मागं असली की लोक पाच मिनिटं आधीच उठायचे, मीही उठायचो, आणि तुम्ही मनगट धरून परत खाली बसवायचात. अगदी तेच शब्द. पाचव्या गोलाला मैदानात लोकांचा लोंढा शिरला, मॅच तिथंच संपली. मग आजोबांनी सावकाश चेन उघडली.

आता तुमच्या नशिबाबद्दल. मॅच नव्वद मिनिटांची, वर वाया गेलेल्या वेळेची मिनिटं जोडतात. जानेवारीत ऑग्सबर्गशी ९४ व्या मिनिटाला पालासिओसचा गोल. पुढच्याच आठवड्यात लाइपझिगला ९१ व्या मिनिटाला इंकापिए. लीग जिंकल्यावरही डॉर्टमुंडशी ९७ व्या मिनिटाला स्टानिशिच, स्टुटगार्टशी ९६ व्या मिनिटाला आंद्रिश. एकदा झालं तर नशीब म्हणू. इतक्यांदा होतं त्याला मी तरी नशीब म्हणणार नाही. कोच शाबी अलोन्सो ऑक्टोबर २०२२ मध्ये आला तेव्हा टीम अठरात सतरावी होती. त्यानं बॉल पायात ठेवायला शिकवलं. मागं तीन डिफेंडर, दोन्ही बाजूंनी ग्रिमाल्डो आणि फ्रिम्पाँग वर चढणार, मध्ये झाका. उगाच लांब टोलवाटोलवी नाही. समोरची टीम ऐंशी मिनिटं बॉलच्या मागं पळून पळून दमते, आणि शेवटच्या दहा मिनिटांत तिच्या पायातला जोर गेलेला असतो. घड्याळाकडं बघून ही पोरं घाबरत नाहीत, साठाव्या मिनिटाला देतात तसाच पास ९५ व्या मिनिटाला देतात. मला ह्या सगळ्यात हेच सगळ्यात मोठं वाटतं.

लीगचा हिशेब: ३४ मॅच, २८ विजय, ६ बरोबरी, ९० पॉइंट. बायर्न सलग अकरा वर्षं चॅम्पियन होतं, ते तिसरं आलं. बुंडेसलिगाचा आख्खा हंगाम न हरता कुणी काढल्याचं हे पहिल्यांदाच.

सगळ्या स्पर्धा धरून ५१ मॅच हार नव्हती. इथं कारखान्यावर बायरचं गोल चिन्ह रात्री दिव्यांनी पेटतं, त्याचा व्यासही ५१ मीटर. हे आजोबांनीच दाखवून दिलं. बुधवारी डब्लिनला युरोपा लीगच्या फायनलमध्ये इटलीच्या अटालांटानं ३-० नं हरवलं, लुकमनचे तिन्ही गोल. तिथं मात्र खरंच काही चाललं नाही. आजोबा शेवटपर्यंत बसले, मीही बसलो. काल बर्लिनला जर्मन कप झाला. झाकानं सुरुवातीलाच गोल मारला, हाफटाइमच्या तोंडावर आपला एक जण लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, आणि दहा जणांनी ती १-० ची आघाडी राखली.

इथला एक मित्र जूनमध्ये पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर लाल-काळा मफलर पाठवतो. आजोबांनी तुमच्यासाठी विकत घेतलाय, मी पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. शाहू स्टेडियमची गोष्ट मी त्यांना सांगितलीय. कोल्हापूर नकाशावर कुठं आहे ते त्यांनी दोनदा विचारलं. तुमचा मैदानातला एखादा जुना फोटो असला तर आईला सांगून मोबाइलवर पाठवा, त्यांना बघायचाय.

गुडघ्याचं तेल संपलं का ते कळवा. आईला नमस्कार.

तुमचा,
बाळू