आधी फाटकाची कडी लावा

महोदय,

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांबाबत आदेश दिले, तेव्हापासून चहाच्या टपरीवर काय नि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय, याच विषयावर हमरीतुमरी चालू आहे. या गदारोळात गळ्यात पट्टा असलेला, घरचे दूध-पोळी खाणारा कुत्रा मात्र अलगद निसटतो. नाशिकच्या इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागात सकाळी एक चक्कर मारून बघा. बंगल्याचे फाटक उघडते, कुत्रा बाहेर आणि मालक आत. ‘जरा मोकळा होऊन येईल’ म्हणे! तो परत येईपर्यंत त्याला सांभाळायचे कोणी, तर रस्त्यावरच्या लोकांनी. आणि नेमक्या त्याच वेळी शाळेच्या रिक्षा, पेपरवाले आणि अंबड-सातपूरला पहिल्या पाळीला निघालेले कामगार घाईत असतात.

परवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी असाच एक तगडा लॅब्रॅडॉर क्लासला निघालेल्या मुलीच्या स्कूटीमागे धावला. तिने घाबरून पाय वर घेतले, हँडल डगमगले आणि गाडी बारीक खडीवर घसरली. गुडघा सोलवटला, मोबाइलची काच फुटली. मालक धावत आले ते थेट कुत्र्याकडे. त्याचे पंजे तपासून झाल्यावर मुलीला म्हणाले, ‘अगं, तो काही करत नाही. तू उगाच घाबरलीस.’ हे वाक्य शहरातल्या यच्चयावत श्वानमालकांना पाठ असते.

ताशी ४० किलोमीटर वेगातली दुचाकी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. उभ्या मोटारीच्या आडून कुत्रा अचानक समोर आला, तर ब्रेक दाबेपर्यंतच तेवढे अंतर संपते. तिथे कुत्र्याचा स्वभाव गरीब असून काय उपयोग? गाडीखाली येतो तोही जिवानिशी जातो, नाहीतर कायमचा लंगडा होतो.

कायदा आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जुन्या कायद्यात हा दंड १ हजार होता. पण रोज तोंड बघायचे त्या शेजाऱ्याविरुद्ध पोलिसांत जाणार कोण?

आमच्याही घरी कुत्रा आहे, तेव्हा हे कुत्र्यांच्या रागापोटी लिहिलेले नाही. कुत्रा निसटतो तो बहुधा ठरलेल्या वेळी. घंटागाडी आली की गल्लीतली सगळी फाटके एकदम उघडतात. म्हणून आम्ही तिचा आवाज ऐकला की आधी कुत्र्याला खोलीत घालतो, मगच कचऱ्याची बादली उचलतो. पार्सलवाला आला तरी तेच. फाटकाखालच्या फटीला जाळी ठोकायला फार खर्च येत नाही. फिरवताना चार-पाच फुटांचा साधा पट्टा बरा. तो बटण दाबून लांब होणारा पट्टा मैदानात ठीक, पण रस्त्यावर मालक फुटपाथवर आणि कुत्रा वाहनांच्या मधोमध, अशी गत होते. दिवाळीत फटाक्याला बिथरलेला कुत्रा मागे जोर लावून गळपट्ट्यातून डोके काढून घेतो, त्यामुळे तेव्हा छातीला बसणारा हार्नेसच हवा. पट्ट्यावर फोन नंबर तर बाराही महिने असावा. अर्थात याचा अर्थ दिवसभर आखूड साखळीला जखडून ठेवा असा नव्हे. त्यालाही १९६० पासून कायद्याने बंदी आहे.

गंगापूर रोड, मखमलाबादकडच्या मंडळींनी तर आणखी जपावे. पहाटे मोकाट सोडलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आयते जेवण, आणि त्यासाठी तो वस्तीत शिरतो.

सिंहस्थाची गर्दी तोंडावर आहे. रस्त्यांवरची वाहने वाढणार आहेत, कमी होणार नाहीत. महापालिकेने कुत्रा पाळण्याचा परवाना देताना फाटक आणि कुंपणाचीही विचारपूस करावी. पट्टा घातलेला कुत्रा एकटा रस्त्यावर दिसला तर मालकाला एकदा समज द्यावी आणि पुढच्या वेळी दंड थेट घरपट्टीच्या बिलात लावावा. दुसऱ्याच दिवशी सगळ्या फाटकांना कड्या दिसतील.

– एक श्वानपालक, इंदिरानगर, नाशिक