मोजायचेच असतील तर वाचवलेले दात मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

धार्मिक संस्थेच्या मोफत दंत शिबिराची बातमी आपण परवा छापलीत आणि काल तिच्यावरची दोन पत्रे. एका पत्रलेखकाला शिबिराआधी प्रार्थना झाली याचा राग आला आहे, दुसऱ्याला त्या रागाचा. बातमीच्या शीर्षकाकडे मात्र दोघांचेही लक्ष गेलेले नाही. ठळक अक्षरांत दिलेला तो आकडा काढलेल्या दातांचा आहे. किती दात भरले, किती वाचवले, किती जणांना पुन्हा तपासायला बोलावले, याबद्दल अख्ख्या बातमीत एक ओळ नाही.

माझ्या ताईचा एक दात असाच एका आकड्यात जमा झालेला आहे, म्हणून हे पत्र.

मी तेव्हा बारा वर्षांची होते, ताई एकोणीसची. तिची खालची दाढ आठवडाभर ठणकत होती, गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. दवाखान्याचा खर्च झेपणार नव्हता. एका संस्थेचे मोफत शिबिर आहे असे कळले, तेव्हा उजाडायच्या आत आम्ही दोघी रांगेत जाऊन उभ्या राहिलो. टोकन माझ्या मुठीत होते. प्रार्थना झाली, आम्हीही हात जोडले. त्यात काही वावगे वाटले नाही, आजही वाटत नाही. दुपारी नंबर लागला. भुलीचे इंजेक्शन देताना एका सेवेकरी बाईंनी ताईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे.

दाढ काढली. ती काढायलाच हवी होती, मुळाशी पू झाला होता. मग डॉक्टरांनी तोंडात आरसा फिरवला. वरच्या पुढच्या दाताच्या कडेला त्यांना कीड दिसली. "हाही पुढेमागे जाणारच, आत्ताच काढून टाकू," असे ते म्हणाले. ताईच्या तोंडात कापसाचा बोळा होता, ओठ बधिर होते. तिने मान हलवली. ती हो म्हणत होती की नको, हे विचारायला कोणी थांबले नाही. तो दात कधी दुखलाही नव्हता. "पुढच्या शिबिरात नवा बसवू" असे सांगून तशी नोंद कार्डावर करून दिली. पुढचे शिबिर आमच्याकडे झालेच नाही. ते कार्ड ताईने अजून जपून ठेवले आहे.

त्या दिवसापासून ताई तोंडावर हात ठेवून हसू लागली. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत तिचे ओठ मिटलेले आहेत. लोकांशी बोलण्याचे एक चांगले काम तिला मिळत होते, ते तिने नाकारले आणि कारण घरात कुणालाच सांगितले नाही. मला ते अनेक वर्षांनी सांगितले, तेही दिवा मालवल्यावर. चौदा वर्षांनी पैसे साठवून ती दात बसवायला गेली, तोवर शेजारचे दोन्ही दात फटीकडे कलंडले होते आणि हिरडीखालचे हाड झिजले होते. दात गेला की जबड्याचे असेच होते, हे तिला तिथे पहिल्यांदा कळले. मी त्या दंतवैद्यांना विचारले, एकोणीस वर्षांच्या मुलीच्या न दुखणाऱ्या दाताला कडेची कीड असेल तर तुम्ही काय करता? ते म्हणाले, "भरतो."

आता यावर काय उत्तर येईल ते मला ठाऊक आहे. रांग मोठी असते, दात काढायला काही मिनिटे पुरतात, रूट कॅनल करायचे तर एक्स-रे हवा, वेळ हवा, अनेकदा दुसरी खेप हवी. हे सगळे मान्य. पण काढणे आणि रूट कॅनल यांच्या मध्ये काहीच नाही का? १९८०च्या दशकाच्या मध्यावर टांझानियात एक पद्धत तयार झाली. तीत कुजलेला मऊ भाग हातातल्या साध्या हत्यारांनी खरवडून काढतात आणि खळगा ग्लास आयोनोमर सिमेंटने भरतात. वीज लागत नाही, ड्रिल लागत नाही, बऱ्याचदा इंजेक्शनही लागत नाही. सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड नावाचे एक द्रावण आहे, ते नुसत्या छोट्या ब्रशने लावले तरी कीड थोपवता येते. लावलेली जागा काळी पडते, म्हणून आधी विचारावे लागते, आणि विचारावे हेच तर माझे म्हणणे आहे. ते सिमेंट आणि हे द्रावण, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. ज्या मांडवात दात काढता येतो, त्या मांडवात हेही करता येते.

आणि धार्मिक संस्थांनी तर हे सर्वांच्या आधी करायला हवे, कारण एरवीच्या शिबिराकडे जे नसते ते त्यांच्याकडे असते. त्यांची जागा कायमची असते. माणसे तिथे पुन्हा पुन्हा येतात. ज्याचा दात भरला तो पुढच्या महिन्यात त्याच दारातून आत येणार असतो, त्याचे तोंड बघायला कितीसा वेळ लागतो? मर्सी शिप्स ही १९७८ साली स्थापन झालेली ख्रिस्ती संस्था रुग्णालयाची जहाजे चालवते, दातांचेही उपचार करते, आणि तिचे जहाज एकेका बंदरात सुमारे दहा महिने मुक्काम करते. तैवानमधली त्झू ची ही बौद्ध संस्था १९६६ ची, तिचे स्वयंसेवक दंतवैद्य अनेक देशांत मोफत तपासतात. श्रद्धेने माणूस एका दिवसापुरता येतो तसा मुक्कामालाही राहू शकतो.

शिबिरे बंद करा, असे मी म्हणत नाही. कृपया तसे शीर्षक माझ्या पत्राला देऊ नका. मुळात दात हा विषय सरकारांनी कायम शरीराबाहेरचा मानला. ब्रिटनमध्ये १९४८ साली मोफत मिळू लागलेल्या कवळीवर १९५१ मध्ये शुल्क बसले आणि त्यावरून, ती मोफत आरोग्यसेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना आली, तिच्यातून दातांचे नेहमीचे उपचार वगळले गेले. त्याच देशात, मेरीलँड राज्यात, २००७ मध्ये बारा वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूत पोचून दगावला. वेळेवर दात काढला असता तर तो वाचला असता. म्हणून काढणारे हात हवेतच. ताईची दाढ काढणाऱ्यांचे उपकार मी मानते. त्याच हातांनी तिचा पुढचा दात न विचारता काढला, एवढीच माझी तक्रार आहे, आणि ती इतक्या वर्षांत कमी झालेली नाही.

जाता जाता आपल्या छायाचित्राबद्दल. बातमीसोबत एका बाईंचे उघडे तोंड तीन स्तंभांत छापले आहे. चेहरा स्पष्ट ओळखू येतो. डॉक्टरांचे नाव आहे, संस्थेच्या विश्वस्तांची नावे आहेत, त्या बाईंचे नाव नाही. त्यांची परवानगी घेतली होती का? पैसे भरून खुर्चीत बसलेल्या कुणाचे तोंड आपण असे छापले असते का? उपचार फुकट झाला म्हणून चेहरा वृत्तपत्राचा होत नाही. संकेतस्थळावरून तरी ते छायाचित्र आजच काढावे.

आणि सहा महिन्यांनी आपल्या बातमीदाराला त्याच वस्तीत पुन्हा पाठवावे. ज्यांचे दात काढले त्यांना भेटून विचारावे, की एका बाजूने चावावे लागते का, कवळी देतो म्हणाले होते ती मिळाली का, जखम बघायला कोणी आले का. ती बातमी पहिल्या पानावर नको, पान तीनवरच चालेल. मी ती ताईला वाचून दाखवीन.

आपली,
एक नियमित वाचक