पुरातत्त्व पदवीपासूनच शिकवा

पुरातत्त्वशास्त्राकडे पदव्युत्तर टप्प्यावरच वळावे, हा आपल्या करिअर पुरवणीतील सल्ला पटला नाही. खापराचा तुकडा ओळखायला नजर बसावी लागते आणि ती दोन वर्षांत बसत नाही. लिबरल आर्ट्स विद्यापीठात पदवीलाच इतिहासाच्या जोडीला भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्र घेता येते. जळके धान्य, हाडे, मातीचे थर यांचा अर्थ लावायला हे सारे लागते. पण अशा विद्यापीठांचे शुल्क आपल्याकडच्या शेतकरी कुटुंबाला झेपणारे नाही.

खरे तर अभ्यासाचे साधन आपल्या दारात आहे. 'पेरिप्लस' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वृत्तांतात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या बाजारपेठांची नावे आहेत. तेरच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, जोराचा पाऊस झाला की खापरे, मणी उघडे पडतात. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती, विटांचे त्रिविक्रम मंदिर मुलांनी केवळ परीक्षेपुरते पाठ का करावे? मराठवाड्यातील अनुदानित महाविद्यालयांनी पदवीला हा विषय सुरू करावा आणि तेर, भोकरदन, पैठण येथे क्षेत्रकार्य सक्तीचे ठेवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय पदवीला वाट करून दिलीच आहे.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक, धाराशिव