दुर्लक्षित सालांनाही जागा द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला जुन्या रेड वाइनवरचा लेख वाचला. फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या प्रदेशातल्या १९८२, २०००, २००५ या गाजलेल्या सालांची, म्हणजे द्राक्षे खुडली त्या वर्षांची, त्यात यादी आहे आणि बाकीची साले सोडून द्यावीत असा सल्लाही. यादीबद्दल माझी तक्रार नाही. सल्ला मात्र अजिबात पटला नाही, कारण मला सर्वाधिक आनंद याच सोडून दिलेल्या सालांनी दिला आहे.

सालाचा निवाडा होतो कधी ते पाहा. बोर्दोत द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात खुडतात आणि पुढच्या वसंतात समीक्षक पिंपातले नमुने चाखून गुण देतात. वाइन तेव्हा बाटलीतही उतरलेली नसते. जी दहा-वीस वर्षांनी प्यायची, तिच्यावर सहा महिन्यांची असतानाच शिक्का बसतो आणि पुढे तो पुसायची तसदी फार थोडे घेतात.

त्यात शेजार आड येतो. २००१चा दोष एवढाच, की ते २०००नंतर आले. त्या वर्षीचा सप्टेंबर गार होता, द्राक्षे सावकाश पिकली. पण बोर्दोतल्याच पोमेरोल भागातल्या मेर्लो जातीच्या द्राक्षाला हे चांगलेच मानवले. माझ्या मते तिथल्या कित्येक २००१ आज २०००च्या बरोबरीने उभ्या राहतात. २००४ सापडले २००३ची उष्णतेची लाट आणि २००५चा जयजयकार यांच्या मध्ये. २००८चा उन्हाळा गार आणि ओला, पण शरद कोरडा गेला आणि पीक सावरले. नमुने चाखायची वेळ आली तेव्हा जग मंदीत होते, आणि मागोमाग २००९चा गाजावाजा सुरू झाला.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, म्हणून बाटलीत काय घडते ते सांगितल्यावाचून राहवत नाही. तुरटपणा देणारे टॅनिन येते मुख्यतः द्राक्षाच्या सालपटातून आणि बियांतून. कोवळ्या वाइनमध्ये ते हिरड्या आवळते. वर्षे जातात तसे त्याचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जातात, जड होतात आणि काही गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणा निवळतो, जांभळा रंग विटकरी होतो. ताज्या फळाचा वास मागे सरतो आणि चामडे, तंबाखू, भिजलेला पालापाचोळा असे वास वर येतात. थोर म्हणवणाऱ्या सालांत टॅनिन दांडगे असते, त्यामुळे त्यांची वाट फार पाहावी लागते. मधली साले लवकर खुलतात, आणि त्यांच्यातला तो ताजा, आंबटसर कणा मला फार प्रिय आहे.

प्रत्येक उपेक्षित साल चांगले असते असे नाही. २०१३चा वसंत इतका गार आणि ओला होता, की मेर्लोचा फुलोरा गळला. त्या वाइन दीर्घकाळ ठेवण्याच्या नाहीत. अशा वर्षी सालापेक्षा मळा आणि वाइन करणारा पाहावा.

आणखी एक. जुनी बाटली उघडण्याआधी दिवसभर उभी ठेवावी, म्हणजे गाळ खाली बसतो. बूच ठिसूळ झालेले असते, घाई करू नये. आणि अशी नाजूक वाइन तासन्‌तास डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत, ठेवू नये. जो सुगंध यायला वीस वर्षे लागली तो तेवढ्यात उडून जातो. आपल्या लेखात याविषयी एक ओळही नव्हती.

पुढच्या लेखात लेखकाने २००१, २००४ आणि २००८ यांबद्दल लिहावे, आणि ते त्या वाइन आज चाखून लिहावे, जुन्या गुणपत्रिका पाहून नव्हे, ही आग्रहाची विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक