ठिपका दाखवणाऱ्या ऑपरेटर काकांना

ऑपरेटर काका, नमस्कार.

नावाने ओळखणार नाही तुम्ही मला. चहावाल्याचा पोरगा म्हटलं की आठवेल. थिएटरच्या गल्लीत आमची टपरी होती आणि मॅटिनीला वर केबिनमध्ये कटिंग पोचवायचं काम माझ्याकडे. नवे सिनेमे मोठ्या थिएटरांना जायचे. आपल्याकडे जुनेच परत लागायचे, आणि पंचवटीपासून माणसं चालत यायची ती त्यासाठीच.

पहिल्या दिवशी मी ग्लास पुढे केला तर मागे न बघताच तुम्ही म्हणालात, "थांब, ठिपका यायचाय." पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तो आला, रीळ संपत आल्याची खूण. तुम्ही दुसऱ्या मशीनची मोटर चालू केलीत. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि चित्र या मशीनवरून त्या मशीनवर गेलं. खाली कुणाला पत्ताही नाही. मग चहा घेतलात, गार झालेला.

एकदा भर गाण्यात प्रिंट तुटली. आधी कुणीतरी घाईत मारलेला जोड होता तो. खाली शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट, तुमच्या नावाने शिव्या (त्यात माझे दोन मित्रही होते, आता सांगतो). तुम्ही शांतपणे फिल्म खरवडलीत, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावलंत आणि मला बोटाने दाखवलंत: एका चित्राला कडेला 4 भोकं, जोडताना मोजायची, चुकलं तर पडद्यावर हिरॉइनचे पाय वर आणि डोकं खाली. आणि तेव्हाच म्हणालात, फाळक्यांच्या घरी कोऱ्या फिल्मला ही भोकं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई स्वतः पाडायच्या. शाळेत आम्हाला फाळके म्हणजे जन्म त्र्यंबकेश्वर आणि पहिला चित्रपट 1913, दोन मार्कांपुरते. ते शेवटी नाशकातच राहिले, 1944 साली इथेच गेले, हेही तुमच्याकडूनच कळलं.

दहावीला गणितात गेलो तेव्हा घरी कुणी बोलत नव्हतं. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. संपलेलं रीळ हँडलवर उलटं गुंडाळायला दिलंत, आणि पुढच्या आठवड्यात एक जळकी मोटर खोलायला. "बिघडली तर बिघडली, बिघडलेलीच आहे," म्हणालात. आज सातपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्या मोटरची तार मी तीनदा चुकीची गुंडाळली होती, तीनही वेळा तुम्ही ती मुकाट्याने माझ्याकडूनच सोडवून घेतलीत. आता माझ्याकडे पोरं शिकायला येतात. मला तेवढा धीर नाही, काका. दुसऱ्या वेळेलाच ओरडतो.

त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. थिएटर बंद झालं त्या आठवड्यात आलो होतो, तर तुम्ही पेट्या मोजत होतात. बोलवेना.

टपरी गेली, पप्पांची उधारीची वही मात्र घरात आहे. तुमच्या नावावर 43 कटिंग निघतात. पैसे नकोत. एकदा घरी या, चव्वेचाळिसावा गरम देतो.

तुमचा,
चहावाल्याचा पोरगा